पिस्तूल की रायफल?

सॉरेल क्रीकच्या खोऱ्यात ओलीटा स्टॅम्परचा आवाज कानावर पडला नाही असं माणूस शोधूनही सापडलं नसतं. दर मंगळवारी गुरांच्या बाजारात ती लाकडी चौथऱ्यावर उभी राहायची, उजव्या हातात मोगरी, डाव्या बाहीला कोपराखाली घडी घालून सेफ्टी पिन लावलेली, आणि तिच्या तोंडून लिलावाची बोली अशी सुटायची की गोफणीतून खडे सुटावेत. नवखा माणूस नुसता आ वासून बघत राही. जुनी माणसं मात्र त्या भडिमारातून आपल्याला हवा तो शब्द बरोबर वेचून घेत.

"बघा, बघा, कालवडीचे डोळे बघा, तुमच्या सासूपेक्षा प्रेमळ आहेत! मागं कोण हात वर करतंय? कान खाजवतोयस की बोली लावतोयस, अर्ल? खाजवलंस तरी मी धरणार हं!"

मग मोगरी आपटायची, आणि अर्ल, असेल नसेल मनात, कालवड घेऊन घरी जायचा.

डावा हात तिनं बाविसाव्या वर्षी गमावला होता. केंटकीच्या त्या डोंगराळ भागात गवताचे गठ्ठे बांधायचं यंत्र घरोघर असतं, आणि घरोघर त्या यंत्राची एखादी गोष्टही असते. गठ्ठ्याचा दोर अडकला, यंत्र बंद न करता तिनं तो सोडवायला हात घातला. इस्पितळातून घरी आली तेव्हा शेजारपाजारचे लोक भांडी भरभरून जेवण घेऊन आले, रडले, डोक्यावरून हात फिरवून गेले. बाप, क्लोव्हिस, तेवढा रडला नाही. त्यानं कुंपणाच्या खांबांवर टमाट्याचे रिकामे डबे मांडले, आपलं जुनं रिव्हॉल्व्हर तिच्या उजव्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "गेला त्याचं सुतक पुरे झालं. उरलाय त्याला कामाला लाव."

पहिल्या दिवशी एकही डबा पडला नाही. पानगळीपर्यंत एकही डबा उभा राहिना. बाप गेला तेव्हा ओलीटा चाळिशीच्या उंबरठ्यावर होती, आणि रिव्हॉल्व्हर हातात धरलं की अजूनही तिला पाठीमागे त्याच्या खोकल्याचा भास व्हायचा.

गावाबाहेर, डोंगराच्या कुशीत, नेमबाजी मंडळाचं मैदान होतं. तिथे कागदाची निशाणं नसत. लोखंडाच्या पत्र्याची जनावरं असत. सगळ्यात जवळ कोंबड्या, त्यांच्यामागे डुकरं, त्यामागे टर्की, आणि पार टोकाला, मातीच्या बांधाला लागून, मेंढे. गोळी लागून जनावर आडवं पडलं तर गुण. नुसतं हललं, वळलं, किणकिणलं, तर काही नाही. लोखंड पडल्याचा तो ‘टंण्ण’ आवाज आधी ऐकू यायचा आणि मग डोंगरावरून परत यायचा. ओलीटाला तो आवाज चर्चमधल्या घंटेहून गोड वाटायचा, पण हे ती पाद्रीबाबांच्या देखत बोलत नसे.

दुखणं एवढंच होतं की तिची मजल डुकरांपर्यंतच होती. टर्कीला आणि मेंढ्याला लांब नळीचं, जड पिस्तूल लागतं. इतर लोक ते दोन्ही हातांनी धरत. ओलीटानं एका हातानं धरलं की तिसऱ्या चौथ्या गोळीला मनगट कलायचं आणि पुढची गोळी मातीत जायची. म्हणून वर्षानुवर्षं ती कोंबड्या आणि डुकरं पाडायची आणि मग नवऱ्याजवळ, डोर्सीजवळ, पिकअपच्या मागच्या फळीवर पाय हलवत बसायची.

मंडळाचा चिटणीस रूफस स्कॅग्ज तिच्याच वर्गातला. तो जाता जाता हमखास म्हणायचा, "काय गं ओलीटा, झालं का कोंबड्यांचं? आता अंडी गोळा करून घरी जा."

"तू मेंढ्यांपर्यंत जातोस खरा, रूफस," ती म्हणायची, "पण मेंढे तुला पाहून आपणहून पडतात. जातभाई ओळखतात ना!"

हसायची. पण घरी जाताना गाडीत गप्प असायची, आणि डोर्सीला ते कळायचं.

अशात एका वसंतात हर्शेल हॅकवर्थनं तिला दुकानात बोलावलं. हर्शेल म्हणजे खोऱ्यातला बंदुका दुरुस्त करणारा कारागीर. तिच्या बापाचा जिवलग, सत्तरी ओलांडलेला, भुवया अशा दाट की त्यात पाखरानं घरटं केलं असतं. त्यानं कपाटातून एक काळं पिस्तूल काढलं. बावीस बोअरच्या बारीक गोळीचं, पण नळी चांगली लांब. मुठीच्या मागे एक नळकांडं निघालेलं आणि त्यावर रबरी प्लास्टिकचा एक रुंद, चपटा, हातपंख्यासारखा तुकडा, त्याला पट्टा.

"हे काय? पिस्तुलाला शेपूट फुटलंय," ओलीटा म्हणाली.

"हात पुढं कर पोरी."

त्यानं मूठ तिच्या हातात दिली, मागचा पंखा तिच्या कोपराखालच्या भागाभोवती बसवला आणि पट्टा ओढला. पिस्तूल जणू तिच्या हाडाला जोडलं गेलं. भार मनगटावरून उतरून सगळ्या हातावर पसरला.

"एका अधू हाताच्या शिपायासाठी कुणीतरी असला पट्टा काढला म्हणतात," हर्शेल म्हणाला. "मला वाटलं, आपल्याकडेही एक उमेदवार आहे."

त्याच संध्याकाळी, मैदानावर कुणी नसताना, ते दोघं आणि डोर्सी तिकडे गेले. ओलीटानं सरळ मेंढ्यावर नेम धरला. पहिली गोळी वरून गेली. दुसरी लागली. मेंढा क्षणभर विचारात पडल्यासारखा उभा राहिला आणि मग पाठीवर आडवा झाला. टंण्ण! डोंगरानंही एकदा म्हणून दाखवलं. ओलीटानं अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या शेतातली खेचरं दचकून पळाली. हर्शेल भुवयांखालून डोळे पुसत होता आणि धुरानं डोळ्यात पाणी येतं म्हणून सांगत होता. बावीसच्या गोळीला डोळ्यात जाण्याइतका धूर कधीच होत नाही.

त्यानंतरची काही वर्षं ओलीटाची दिवाळीच होती म्हणा ना. ती स्पर्धा पूर्ण करू लागली. कधी चौथी यायची, कधी तिसरी. रूफसनं अंड्यांची थट्टा बंद केली आणि तिच्या टर्कीकडे तिरक्या नजरेनं बघायला सुरुवात केली. यापरता मान काय असतो?

आणि मग एका हिवाळ्यात वॉशिंग्टनहून नवा नियम आला.

बातमी बाजारात आधी पोचली आणि अर्थ मागाहून. कुणी म्हणे सरकार सगळी पिस्तुलं उचलून नेणार. कुणी म्हणे फक्त काळी. ओलीटा तडक हर्शेलकडे गेली. तो खिडकीपाशी चष्मा कपाळावर चढवून बसला होता, आणि समोर नियमाची जाडजूड चळत होती.

"नीट सांगा हर्शेल. माझं पिस्तूल आहे ना अजून माझं?"

"तुझं आहे. पण ते पिस्तूल आहे का, एवढाच प्रश्न आहे."

"म्हणजे काय?"

"बस. कॉफी घे." त्यानं समजावून सांगितलं. कायद्याच्या लेखी एका हातात धरून झाडायचं ते पिस्तूल. खांद्याला लावून झाडायची ती रायफल. रायफलीची नळी सोळा इंचांहून आखूड असली तर ती आखूड रायफल, आणि ती सरकारदरबारी नोंदवल्याशिवाय बाळगणं मोठा गुन्हा. टोळीवाले कोटाखाली बंदुका लपवून हिंडायचे, त्या काळापासूनचा हा कायदा. आता हातापायानं धड असलेल्या पोरांनी देशभर हाच पट्टा विकत घेतला, हाताला न बांधता त्याचा रुंद पंखा खांद्याला टेकवला, आणि आखूड रायफलीची हौस भागवून घेतली. "सरकार म्हणतं, जे खांद्याला टेकतं ते पिस्तूल कसलं? आणि खरं सांगू का पोरी, ह्यात सरकार अगदीच खोटं बोलत नाही."

"पण मी कधी खांद्याला लावलं? मला तर लावताही येणार नाही!"

"तू नाही. पण वस्तूच्या घडणीकडे बघणार म्हणतात. तुझ्या पट्ट्याचं मागचं अंग तळहाताएवढं रुंद आहे."

म्हणजे रात्री ‘ते पिस्तूल’ म्हणून झोपलेलं सकाळी ‘ती रायफल’ होऊन उठलं होतं, आणि बिचाऱ्याला पत्ताही नव्हता.

वाटा होत्या. आखूड रायफल म्हणून नोंदवून टाकायचं. किंवा सोळा इंची नळी बसवायची. किंवा पट्टा कायमचा काढायचा. नाहीतर सरकारला देऊन टाकायचं, नाहीतर मोडून टाकायचं. उन्हाळा लागायच्या आत काय ते करायला हवं होतं.

"मग नोंदवते की," ओलीटा म्हणाली. "माझं कुठं काय लपवायचंय?"

नोंदवलं असतंही. पण दोन दिवसांनी रूफस तिच्या दारात आला, टोपी हातात घेऊन. रूफसनं टोपी काढली की समजावं, बातमी वाईट आहे.

"ओलीटा, रागावू नकोस. आपल्या मंडळाचा पहिला नियम तुला ठाऊक आहे. कायदा ज्याला पिस्तूल म्हणेल ते पिस्तूल. तू नोंदवलंस की तुझ्याच सहीनं ती रायफल झाली. मग पिस्तुलांच्या स्पर्धेत ती कशी घेऊ?"

"मग रायफलींच्या स्पर्धेत घे."

"तिथं सगळ्यांच्या नळ्या हातभर लांब. तू एका हातात पिस्तूल धरून त्यांच्यापुढं उभी राहणार?"

"आणि नाही नोंदवलं तर?"

"तर मैदानावर बेकायदा हत्यार येईल, आणि उद्या मंडळाला कुलूप लागेल. मी चिटणीस आहे बाई. मला झोप लागत नाही."

"तुला झोप लागत नाही? शाळेत तर तू उभ्यानं झोपायचास!" ती फटकन म्हणाली. पण त्याचा चेहरा पाहून तिला कळलं, हा सूड नाही. माणूस खरोखर पेचात आहे. तिनं त्याला वाळवलेल्या सफरचंदांच्या केकचा तुकडा दिला. जरा लहानच दिला, पण दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं पट्टा सोडला आणि नुसतं पिस्तूल धरून मैदानावर जाऊन पाहिलं. पहिली गोळी बरी गेली. मग मनगट कललं, तेच जुनं कलणं. पुढच्या गोळ्या मेंढ्यांच्या पायाखालची माती उडवत राहिल्या. घरी येऊन ती पायरीवर बसली. डोर्सी बाजूला बसला. तो खोगिरं आणि घोड्यांचं सामान शिवायचा, अंगाला कायम चामड्याचा आणि मेणाचा वास.

"कोंबड्या आहेतच की," ती म्हणाली. "कोंबड्यांनी काय घोडं मारलंय?"

डोर्सी नुसता तिच्याजवळ सरकला. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती. कुठं बोलायचं नाही ते त्याला येत होतं.

चार-सहा दिवसांत हर्शेलचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "पोरी, नवऱ्याला घेऊन ये. त्याच्या हातांचं काम आहे."

दुकानात हर्शेलनं नियमाच्या चळतीतला एक परिच्छेद बोटानं दाबून धरला होता, जणू सोडला तर उडून जाईल. "सगळे लोक वजन, लांबी, दुर्बीण असल्या कलमांवर भांडतायत. पण ती सगळी नंतरची. पहिला प्रश्न हा आहे. मागं खांद्याला टेकवता येईल असं अंग आहे का? असेल तर पुढची कलमं. नसेलच, तर पुढं जायचं कारणच नाही. अपंग माणसाच्या हाताला बांधायचा पट्टा त्यांनी बंद केलेला नाही. खांदा टेकवायची जागा तेवढी ते बघतायत."

"मग जागाच ठेवायची नाही," डोर्सी म्हणाला.

"ठेवायचीच नाही! ह्या बावीसच्या यंत्राला मागच्या नळकांड्याची गरज नाही. मी ते काढतो. मुठीच्या बाजूला दोन कड्या बसवतो. तू त्या कड्यांना धरून तिच्या हाताला चामड्याची बाही शिवून दे. मऊ. हाताला धरेल आणि खांद्याला लावली तर मोज्यासारखी चुरगळेल."

डोर्सीनं टोपी मागे सारली आणि ओलीटाचा उजवा हात आपल्या हातात घेतला. कोपराखाली, मधोमध, मनगटावर, तिन्ही ठिकाणी टेपनं माप घेतलं. मग परत घेतलं. मग परत.

"झालं की दोनदा घेऊन," ओलीटा म्हणाली.

"नीट बघू दे. इतकी वर्षं हाच हात लाटणं घेऊन मागं लागला, कधी थांबला म्हणून माप घेणार?"

हर्शेल इतका हसला की त्याची कॉफी नियमावर सांडली.

पहिली बाही फार घट्ट झाली. ओलीटाची बोटं जांभळी पडली. दुसरी कुत्र्याच्या मुसक्यासारखी दिसायला लागली, आणि त्यांच्या कुत्र्यानं ती पाहून पलंगाखाली मुक्काम ठोकला. तिसरी मात्र डोर्सीनं हरणाच्या कातड्याची केली. आतून मऊ लोकर, वरून मेणदोऱ्याची दुहेरी टीप, आणि कडेला डॉगवुड झाडाची छोटी छोटी फुलं कोरलेली.

"फुलं कशाला?" तिनं विचारलं.

"कायद्यात फुलांना बंदी नाही. हर्शेलला विचारून घेतलंय."

जुना पट्टा पुन्हा बसवता येणार नाही असा नष्ट करायला हवा होता. हर्शेलनं तो टेबलावरच्या लोखंडी शेगड्याच्या जबड्यात आवळला आणि करवतीनं कापला. ओलीटा तोवर बाहेर जाऊन उभी राहिली. त्या पट्ट्यानं तिला पहिला मेंढा दिला होता.

उरला रूफस. तो दुकानात येऊन बाही उलटीसुलटी करून पाहून गेला. त्यानं सरकारी खात्याला फोनही करून पाहिला. तिकडच्या सभ्य माणसानं वस्तू पाहिल्याशिवाय तोंडी निर्णय देता येत नाही असं सांगितलं आणि हर्शेलनं दाखवलेला तोच परिच्छेद सावकाश वाचून दाखवला. रूफसला मनातून पटत होतं पण पाऊल उचलत नव्हतं.

"मला पटतंय गं. पण उद्या कुणी म्हणालं, अमक्यानं खांद्याला लावून दाखवलं, तर?"

"असं म्हणतोस?" ओलीटा म्हणाली. "मग मंगळवारी बाजाराला ये. खोऱ्यातले सगळे खांदे तिथंच असतात."

त्या मंगळवारी शेवटचा गोऱ्हा विकला गेला तरी लोक उठले नाहीत. कुणकुण लागली होती. हर्शेल पिस्तूल घेऊन रिंगणात आला. आतला खटका काढून त्यानं स्वतःच्या खिशात ठेवला होता, आणि रिकामी नळी चारही बाजूंच्या लोकांना आरपार दाखवली. ओलीटानं चौथऱ्यावरून मोगरी आपटली.

"मंडळी! आजचं शेवटचं जनावर. जात कोणती ते सरकारला कळेना, रूफसला कळेना. ज्याला वाटतं ही रायफल आहे त्यानं पुढं यावं आणि खांद्याला लावून दाखवावं. बोला, पहिला खांदा कुणाचा?"

पहिला आला अर्ल. अंगानं बैल. त्यानं पिस्तूल खांद्याकडे ओढलं तशी बाही चुरगळून त्याच्या शर्टाच्या खिशात गेली आणि मूठ हनुवटीवर बसली.

"अर्लनं दाढी केली! रायफल नाही, वस्तरा आहे! पुढचा!"

पुढचा उंच, हाडकुळा, तंबाखूचा शेतकरी. त्यानं अक्कल लढवली आणि बाही कडक करायला आत स्वतःची मूठ कोंबली. मूठ आत गेली ती निघेना. दोघांनी ओढून काढली.

"प्लमरला बोलवा! पुढचा!"

दुधाच्या डेअरीवाल्या बाईनं लावलं ते काखेत गेलं. एकानं मानेला लावलं. एकानं चक्क पोटाला लावलं, आणि पोट असं होतं की तिथं ते खरंच टेकलं. पण कायद्यात पोटाचा उल्लेख नाही असा हर्शेलनं तिथल्या तिथं निवाडा दिला. लोक बाकांवर हात आपटून हसत होते. मागच्या गोठ्यातली गुरं हंबरायला लागली.

"आणि आता," ओलीटाचा आवाज चढला, "आपल्या मंडळाचे चिटणीस. टाळ्या!"

रूफस लाजत पुढे आला. पण काम त्यानं मन लावून केलं. उजव्या खांद्याला लावून पाहिलं. डाव्या. कोट काढून पाहिलं. एक डोळा मिटून, दोन्ही मिटून पाहिलं. शेवटी बाही त्याच्या गळ्याखाली बो बांधल्यासारखी फुलं वर करून बसली, आणि तो तसाच लोकांकडे वळला.

"रायफल म्हणणारा कोणी?" ओलीटानं मोगरी उचलली. "रायफल एक वार! रायफल दोन वार! आहे कोणी? खाजवू नकोस अर्ल, ह्या वेळी खरंच खाजवू नकोस!"

अर्लनं दोन्ही हात खिशात घातले.

रूफसनं घसा खाकरला. "माझी बोली," तो म्हणाला. "पिस्तूल."

मोगरी खाली आली. बाजाराच्या पत्र्याखाली असा गलका उठला की रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. आणि चौथऱ्यावर उभ्या ओलीटाला, आयुष्यात पहिल्यांदाच, पुढचा शब्द सुचेना.

जूनमधल्या स्पर्धेला हवा स्वच्छ होती आणि मैदानाच्या कडेला हनीसकलचा वेल फुलला होता. बायकांनी बीन्सची मोठी पातेली आणली होती, मक्याचा पाव होता, आणि पहिल्या नंबराला डुकराच्या मांडीचा धुरावलेला अख्खा हॅम. कोंबड्या ओलीटानं बोलता बोलता पाडल्या. डुकरांत एक सुटलं. टर्कीला वारा आडवा आला, दोन उभ्या राहिल्या, पण रूफसच्याही दोन उभ्या राहिल्या. डुकरांत तो तिच्यापेक्षा एकानं पुढे होता.

मग मेंढ्यांची पाळी आली. चामड्याची बाही हाताला अशी बसली होती की ओलीटाला ती विसरायला झालं. तिनं श्वास सोडला, चाप दाबला. टंण्ण. पुन्हा. टंण्ण. डोंगर मागून म्हणत होता आणि डोर्सी ओठ हलवून मोजत होता. रूफसचा एक मेंढा चुकला, तिचा एकही नाही. दोघं बरोबरीवर आले.

"आता एकेक मेंढा," पंचानं सांगितलं. "एकाचा पडला, दुसऱ्याचा राहिला, की संपलं."

पहिल्या फेरीत दोघांचे पडले. दुसऱ्या फेरीत ओलीटाची गोळी मेंढ्याच्या खांद्यात बसली आणि तो गेला. मग रूफसनं नेम धरला. गोळी लागली, स्वच्छ आवाज आला, लोकांनी टाळीला हात उचलले. पण रूफसची गोळी मेंढ्याच्या शेपटीकडे लागली होती. मेंढा पडला नाही. सावकाश गिरकी घेऊन वळला आणि रूफसकडे तोंड करून उभा राहिला.

कुणी हसायचं धाडस करेना. रूफसनं मेंढ्याकडे पाहून मान हलवली. मग त्यानं पिस्तूल खाली ठेवलं आणि म्हणाला, "ओलीटा, तू म्हणायचीस ते खरं आहे. मला ओळखतात."

ती धावत गेली आणि एकाच हातानं त्याला अशी मिठी मारली की त्याची टोपी गवतात पडली. हॅम तिनं तिथेच कापायला लावला. संध्याकाळी कुणी फिडल काढलं, कुणी बँजो, आणि हर्शेल, ज्याचे गुडघे चर्चच्या पायऱ्यांनाही कुरकुर करायचे, तो डेअरीवाल्या बाईबरोबर एक अख्खं गाणं नाचला. डोर्सी गाडीच्या फळीवर बसून बघत होता. ओलीटा त्याच्याजवळ जाऊन बसली, पाय हलवत.

"काय म्हणतो हात?" त्यानं विचारलं.

"म्हणतो, शिंपी बरा मिळाला."

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात टेक्ससच्या एका न्यायाधीशानं तो नियमच रद्द केला. बातमी सांगायला हर्शेलनं फोन केला तेव्हा ओलीटा मुळा उपटत होती. "पोरी, हवा तर परत प्लास्टिकचा पट्टा मागवतो. आता चालेल म्हणतात."

"ते कोर्टात जातील, परत येतील, आज हो म्हणतील, उद्या नाही," ती म्हणाली. "त्यांचं चालू दे. मी काही बदलत नाही. माझ्या बाहीला फुलं आहेत."

शिवाय डोर्सीला आता फुरसतही नव्हती. बाजारातल्या त्या तमाशाची गोष्ट खोऱ्याबाहेर गेली होती, आणि दूरदूरची माणसं त्याच्या दारात येऊ लागली होती. कुणाचं मनगट युद्धात गेलेलं, कुणाची बोटं खाणीत. तो खोगिरं बाजूला सारून प्रत्येकाचं माप घ्यायचा, आणि प्रत्येकाला विचारायचा, कोणतं फूल कोरू?

शरदात विल्मा नावाची एक म्हातारी आली. पूर्वी पोस्टात होती. अर्धांगानं तिची एक बाजू लुळी पडलेली. सुनेनं धरून गाडीतून उतरवली. ती डोर्सीला म्हणाली, "मला फूल नको. कोंबडी कोर. मला एक कोंबडी पाडायची आहे मरायच्या आधी."

ओलीटानं तिला मैदानावर नेलं. खुर्चीत बसवलं, बाहीचा पट्टा ओढला, मागे उभी राहिली. पहिल्या गोळ्या मातीत गेल्या. विल्मा चिडली, लोखंडी कोंबडीला पोस्टातल्या बाईला न शोभणारा शब्द बोलली, आणि पुन्हा नेम धरला.

"श्वास सोडा," ओलीटा म्हणाली. "घाई नाही. ती कुठं उडून जात नाही."

टंण्ण!

विल्मानं वळून पाहिलं. अर्धाच चेहरा हलत होता, पण त्या अर्ध्यावर मावत नव्हतं इतकं हसू होतं.

"पडली?"

"पडली!"

"परत मांडा," विल्मा म्हणाली, "सगळ्या मांडा!" आणि ओलीटा कोंबड्या उभ्या करायला धावत सुटली.